काकवीच्या रंगाची काच

७ ऑक्टोबर, मंगळवार

ही डायरी मनालीनं दिली. मनाली म्हणजे माझी नात, कॉलेजसाठी कबनूरहून माझ्याकडं राहायला आल्या. म्हणाली, "आज्जी, दिवसभर ज्याला त्याला शिव्या देतीस, त्या हितं लिही. लोकांची तरी सुटका होईल." मी चौथी पास हाय. गुरुजी कंटाळले म्हणून पास.

काल बंधाऱ्यावर घसरले. दोष पायाचा न्हाय. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातल्यापासून पाणी तुडुंब झालंय आणि ऑक्टोबरचं ऊन त्याच्यावर असं बसतंय की समोर नदी दिसत न्हाय, नवा पत्रा दिसतो. पायरी कुठं संपली ते कळलंच न्हाय. कमरेइतक्या पाण्यात बसले. हातातली गळाची काठी सोडली न्हाय, तेवढं लिहून ठेवते.

बाहेर ओढलं पिराजीनं. हा रिटायर एसटी ड्रायव्हर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. रोज माझ्या पलीकडच्या दगडावर गळ टाकून बसतो आणि एक मासा धरत न्हाय. सगळा गाव मला आक्का म्हणतो, हा तेवढा बाळाबाई म्हणतो. रीत म्हणून न्हाय माणसाला.

बातमी कुणी लावली कोण जाणे, रात्रीच्या आत प्रसेनजीतचा फोन. माझा पोरगा, मनालीचा बाप. "आई, नदी बंद. मोतीबिंदू काढलाय, वय झालंय. दिवाळीला माग बंद असत्यात तवा येतो आणि तुला कबनूरला घेऊन जातो."

कबनूरला घरोघरी यंत्रमागाचा खडखडाट. माणसं खुणेनं बोलत्यात. तिथं मी शिव्या दिल्या तर ऐकू कुणाला जाणार?

मी म्हंटलं, "ये दिवाळीला. तुझ्यासमोर मरळ धरून दाखवते. धरली तर नदी माझी. न्हाय धरली तर मुकाट्यानं गाडीत बसते."

"कबूल," म्हणाला. लगेच म्हणाला. त्याचाच राग आला.

आता मरळीचं असं हाय. चिलापी कुणीपण धरतं, गांडूळ टाकलं की येती. मरळ गवताच्या कडंला पाण्याखाली गप पडून असती. आधी ती डोळ्याला दिसायला पायजे, मग तिच्या नाकासमोर आमिष सोडायचं. आणि मला तर पत्रा दिसतोय.

९ ऑक्टोबर

मोतीबिंदूच्या दवाखान्यातनं दिलेला काळा चष्मा पेटीतनं काढला, घातला आणि नदीवर गेले. सगळं काळं झालं. पाणी काळं, गवत काळं, पिराजी काळा. पत्रा मात्र तसाच, आधी पांढरा होता, आता काळा पत्रा.

पिराजी म्हणाला, "बाळाबाई, नुसता काळा चालत न्हाय. पोलराइज्ड पायजे. घाटात समोरच्या गाडीच्या काचंवर ऊन चमकायचं तवा मी तसला घालायचो. चकाकी तेवढी खातो, बाकीचं ठेवतो."

"मग आधी का न्हाय सांगितलं?"

"तुम्ही बोलू कधी देताय?"

घरी मनालीला विचारलं. तिनं मोबाईलवर बघून सांगितलं की व्हय, मासे धरणारे तसलाच घालत्यात. म्हातारा कधी नव्हं ते खरं बोलला.

१० ऑक्टोबर

रस्त्यावर ताडपत्री टाकून एक जण चष्मे विकत होता. प्रत्येकाच्या काचंवर गोल स्टिकर. मनालीनं वाचलं, पोलराइज्ड. मी म्हंटलं, सरकारनं शिक्का मारल्यासारखा मारलाय, घे.

नदीवर पत्रा.

मनालीनं चष्म्यासमोर मोबाईल धरून गोल फिरवला. म्हणाली, "खरा असता तर एका बाजूला स्क्रीन काळी झाली असती. आज्जी, तू स्टिकर विकत घेतलायस."

परत गेले. ताडपत्रीवाला म्हणतो, "मावशी, स्टिकर ओरिजिनल हाय."

त्याला जे बोलले ते ह्या डायरीत मावत न्हाय.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज खऱ्या दुकानात. चष्म्याच्या दुकानाचा मालक अमरेश, गडहिंग्लजकडचा, कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलायला गोड. मला "अव्वा" म्हणतो, कानडीत आई म्हणत्यात तसं. मी, मनाली आणि पिराजी. पिराजीला कुणी बोलवलं नव्हतं. म्हणाला, कोल्हापुरात छत्री दुरुस्त करायची हाय. पाऊस संपल्यावर.

अमरेशनं एक कार्ड काढलं. त्यावर तळ्याचं चित्र, बाकी काय न्हाय. मग चष्मा घातला माझ्या डोळ्यावर आणि म्हणाला, "आता बघा, अव्वा." तळ्यात मासा! चष्मा काढला, मासा गेला. घातला, आला. काढला, गेला. मनाली म्हणाली आज्जी बास, मागं लोक थांबल्यात.

मग मोबाईल दाखवला. फिरवला तर स्क्रीन काळीकुट्ट. मी ओरडले, "मेला की तुझा फोन!" दुकानातले सगळे हसले. हसू द्या.

विचार करून येते म्हंटलं आणि निघाले. पण घरी येताना बसमध्ये डोक्यात आलं. कार्ड त्याचं, फोन त्याचा, चष्मा त्याचाच. तिन्ही एकमेकाला सामील असतील तर? जादूवाला स्वतःच्याच पेटीतनं कबुतर काढतो. मडकं घेताना आपण वाजवून घेतो, कलिंगड थापटून घेतो. चष्मा पाण्यासाठी घ्यायचा तर पाण्यावरच बघून घ्यायला पायजे. आणि मासाही खराच पायजे, कार्डातला मी काय तळून खाऊ?

मनालीला सांगितलं तर ती तोंडावर उशी घेऊन हसली. पिराजी म्हणाला, "बरोबर हाय तुमचं. बादली मी आणतो."

१४ ऑक्टोबर

आज धम्मचक्र प्रवर्तन दिन, विहारात. पांढरं लुगडं, वंदना, जेवण, सगळं झाक झालं. माझं मन मात्र परातीत, चष्मा बघायला पाणी ओतायचं तिच्यात. पितळेची का स्टीलची? स्टीलची स्वतःच चकाकती, म्हणजे स्टीलचीच पायजे.

गल्लीतली शालूबाई कानाशी येऊन म्हणाली, "पंचशील म्हणायचं आणि सकाळी उठून मासा मारायचा. कसं चालतंय गं, आक्का?"

मी म्हंटलं, "माझं पहिल्या शिलाशी भांडण हाय, ते मी आणि नदी बघून घेऊ. तुझा नवरा दारू पिऊन पाचव्याच्या दारात रोज संध्याकाळी आडवा पडतो, त्याला आधी उचल."

ती जेवायला दुसऱ्या पंगतीत बसली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आजचा दिवस मला मरेपर्यंत पुरंल.

सकाळी एक चिलापी धरली, जिवंत. पिराजीनं आणलेल्या बादलीत टाकली. वर फडकं बांधलं. परात पिशवीत. पिराजी बरोबर, छत्री अजून दुरुस्त व्हायची हाय म्हणे. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "आज्जी, बादलीत काय हाय?" मी म्हंटलं, "गिऱ्हाईक." तेवढ्यात आतनं फटाक् करून शेपटी वाजली. कंडक्टरनं तिकीट फाडलं आणि पुढं निघून गेला.

दुकानाच्या पायरीखाली ऊन बघून परात मांडली, पाणी ओतलं, मासा सोडला. अमरेश धावत बाहेर.

"अव्वा! अव्वा, हे काय? आमच्यात मासा चालत न्हाय!"

"तुला कोण खायला सांगतंय? बघायला आणलाय. चष्मे काढ."

"कार्ड हाय की!"

"कार्डाला पाणी सुटतंय का?"

गरीब गुणाचा माणूस. नाकाला रुमाल लावला, पण चष्म्याचे सगळे डबे बाहेर आणले. वर स्टूलही दिलं. म्हणाला, "परातीवर वाकून बघू नका. जरा लांब बसून तिरकं बघा, नदीवर बसता तसं. वरनं बघितलं तर काच काय काम करणार?" हे बोलणं मला पटलं. लांब बसले.

नुसत्या डोळ्यानं परातीत ऊन आणि आभाळ. मासा न्हाईच. पहिला चष्मा, थोडा दिसला. दुसरा, दिसला पण निळा, विष पिल्यासारखा. तिसरा घातला आणि चिलापीचं एकेक खवलं मोजावं असं! मी आनंदानं मान वाकडी केली तर पाणी परत पांढरं. "फसवतोयस!" म्हणून ओरडले. अमरेश म्हणाला, "अव्वा, मान सरळ. ह्या काचंला आडवं चालत न्हाय." मान सरळ, मासा हजर. मान आडवी, मासा गुल. मग मी मुद्दाम चार वेळा केलं. मजा येती.

तोवर गर्दी. कोल्हापुरात दोन माणसं खाली बघायला लागली की तिसरा गाडी लावतोच. एकानं विचारलं, मासा विकायला हाय का. दुसरा म्हणाला, "मलापण बघू द्या, आज्जी." एक बाई भाजीची पिशवी खाली ठेवून रांगेत उभी राहिली. प्रत्येक जण चष्मा लावायचा आणि "आयला!" म्हणायचा. रिक्षावाल्यानं तर लावला तो काढलाच न्हाय, विकत घेऊन गेला. अमरेशच्या नाकावरचा रुमाल कधी खिशात गेला मलाबी कळलं न्हाय. पुढं पुढं तोच सांगत होता, "सरका, सरका, माशावर सावली पाडू नका."

शेवटी दोन चष्मे उरले. एक काळाभोर, एक काकवीच्या रंगाचा. काळ्यातनं डोळ्याला गारवा. काकवीतनं सगळं पिवळंतांबडं, गुऱ्हाळावर बसल्यासारखं.

अमरेश म्हणाला, "अव्वा, नदीवर कधी जाता? सकाळी लवकर, का संध्याकाळी? मग ही काकवीचीच घ्या. काळी भर उन्हाची हाय."

मला कळलं. काकवीचा रंग कोण घेत नसंल, म्हणून माझ्या गळ्यात. मी म्हंटलं, "काळं ते काळं. मला गूळ नको."

पिराजी म्हणाला, "बाळाबाई, तो म्हणतोय ते—"

"तुम्ही छत्री बघा तुमची."

काळा घेतला. मासा बादलीत, परात पिशवीत, आम्ही स्टॉपवर. तिथं पिराजीला आठवलं की छत्री दुकानात राहिली. परत गेला. एक बस त्याच्यापायी सोडली. असा विसरभोळा माणूस एसटी चालवत होता, लोकं घरी पोचली हे नवल.

१६ ऑक्टोबर

सकाळी उजाडता उजाडता नदीवर. काळा चष्मा घातला.

रात्र झाली.

गवत न्हाय, पाणी न्हाय, माझी काठी मलाच दिसंना. सूर्य वर आला तेव्हा झकास दिसायला लागलं, तळाचा दगड न् दगड, पण तोवर मरळ सावलीला खोल गेली. परातीत ऊन दुपारचं होतं. मरळ सकाळची असती. एवढं साधं मला सुचलं न्हाय आणि विभूतीवाल्याला सुचलं.

कुणाला सांगितलं न्हाय. मनालीनं विचारलं, "कसा हाय चष्मा?" "एक नंबर," म्हंटलं.

रात्री कबनूरच्या घराचा विचार आला. पत्र्याखाली बसलीया, हातात वाटाणा सोलायला, आणि माग खडखडतोय.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पिराजी चष्मा घालून आला! काकवीचा! तोच! वर बायकांची फ्रेम, काडीला गुलाबी फूल. त्याच्या टाळक्याला एवढासा, कानाच्या वर अडकून बसलाय, घुबडाला पोरीचं टोपडं घातल्यासारखं. मी हसून हसून दगडावरनं पडले असते.

"हे काय सोंग?"

"घेतला खरा," म्हणाला. "पण घट्ट होतोय. डोकं दुखतंय. तुमचा काळा जरा मोठा दिसतोय."

माझं डोकं लगेच चाललं. ह्याला काळा पायजे, मला काकवी. पण गरज दाखवायची न्हाय. मी म्हंटलं, "माझा भारी हाय. असा कसा देऊ?" तो म्हणाला, "वर काय पायजे ते सांगा." मी म्हंटलं, "दिवाळीपर्यंत मरळीचं आमिष तुम्ही धरून आणायचं." म्हणाला, "आणतो." म्हंटलं, "आणि रोज चहा." म्हणाला, "थर्मास घेऊनच येतो."

अदलाबदल झाली. इतका सरळ सौदा मी जन्मात केला न्हाय. माणूस पुरता फसला आणि वर हसतोय.

चष्मा मला अगदी बेताचा बसला. नशीब.

घरी मनालीला सगळं सांगितलं. ती माझ्याकडं बघत राहिली. "आज्जी, पिराजी आजोबांनी बायकांची फ्रेम का घेतली असंल?"

"अक्कल न्हाय म्हणून."

"व्हय," म्हणाली. "तेच असंल."

१८ ऑक्टोबर

दिसतंय! दिसतंय! दिसतंय!

झुंजुमुंजू उजेडात पाण्यावरची साय कुणी बोटानं ओढून घ्यावी तसं झालं. खाली सगळं गाव वसलंय. गवताच्या शेंड्या हलत्यात. चिलापीनं वाळूत तोंडानं खड्डा केलाय आणि त्यावर पहारा देती, दुसरी आली की हाकलती, शालूबाईसारखी. कुणाची तरी स्लीपर. एक वांब, सापासारखी लांबडी, दगडाखालनं नाक काढून बसलेली. एवढी वर्षं मी ह्यांच्या डोक्यावर बसत होते आणि ह्यांच्या घरात काय चाललंय पत्ता नव्हता.

आणि गवताच्या कडंला मरळ. हाताएवढी, माझ्या कोपरापास्नं बोटापर्यंत. गप.

मी पिराजीचं मनगट धरलं आणि काय तरी ओरडले. तो म्हणाला, "कुठं हाय, कुठं?" त्याच्या काळ्या चष्म्यातनं त्याला काय दिसणार. तरी म्हणाला, "व्हय की! केवढी!" खोटारडा.

आज गळ टाकला न्हाय. ती पोरग्यासमोर धरायची हाय.

चहात साखर जास्त होती. सांगितलं तसं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

प्रसेनजीत काल आला. आल्या आल्या माझी पेटी खाली काढून पुसायला घेतली. मी म्हंटलं, पुस, धूळ झाल्याच.

आज उजाडायला नदीवर. मी, तो, मनाली. पिराजी आधीच तिथं, डब्यात आमिषाच्या बारक्या मासोळ्या. प्रसेनजीत हाताची घडी घालून उभा, गिरणीतल्या साहेबासारखा. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला, "आई, गुलाबी फूल?"

"नदीकडं बघ."

बघितलं. मरळ होती. तिथंच, गवताच्या कडंला. मी हळूच काठी पुढं केली.

"आई, कुठं टाकतीस? तिथं काय न्हाय. नुसतं पाणी हाय."

"हाय."

"न्हाय. तुला दिसत न्हाय म्हणून तर म्हणतोय मी—"

वैतागून चष्मा काढला आणि त्याच्या डोळ्यावर ठेवला. मग माझा चाळिशीचा पोरगा, दोन पोरांचा बाप, नाचायला लागला. "आई! आई, मरळ! ती बघ! टाक, टाक, टाक!"

मरळ गेली. शेपटीचा एक झटका, आणि खाली नुसता गढूळ धूर.

मनालीनं तोंडावर हात ठेवला. मी म्हंटलं, "धरली की तू मरळ, तोंडानं."

त्याचा चेहरा पडला. हळूच म्हणाला, "आता?"

"आता गप बसायचं. मरळ पाण्यात असली तरी श्वासाला वर येती. लांब जात न्हाय. चष्मा दे."

"जरा थांब, आई. हितं एक वांब दिसती—"

"चष्मा!"

हिसकावून घ्यावा लागला. मग पिराजीनं आपला काळा त्याला दिला. तोवर ऊन जरा चढलं होतं, त्याला अंधुक दिसायला लागलं. तिघं माझ्या मागं उकिडवं बसले, मुकी पोरं बसवल्यासारखी. प्रसेनजीत मधनंच बोटानं मला खुणा करायचा, डावीकडं, उजवीकडं. कबनूरची भाषा. नदीवर उपयोगी पडती.

किती वेळ गेला माहीत न्हाय. पाय बधिर झाले. मग गवताखालनं सावली सरकली. आली. पुढं, अजून पुढं. वर येऊन एक घोट हवा घेतली आणि परत खाली. मी मासोळी तिच्या नाकासमोर सोडली. तिनं बघितलं. मी तिला बघितलं. माझ्या छातीत माग चालू झाला.

तोंड उघडलं तिनं.

ओढ लागली तशी काठी कमानीसारखी वाकली, तंगुसाची दोरी वाजायला लागली. मी दगडाला टाच लावली आणि मागं झुकले. मरळ गवतात शिरायला बघती, मी शिरू देत न्हाय. पिराजी ओरडतोय, "ढील द्या, बाळाबाई!" मनाली ओरडत्या, "आज्जी, ओढ!" आणि प्रसेनजीत, पाडव्याची नवी पँट घातलेला, धाडदिशी चिखलात उतरला आणि दोन्ही हातांनी मरळ कवटाळून वर आला. अंगभर शेवाळ. दात सगळे बाहेर.

"आई, केवढी हाय बघ! मी धरली!"

"मी धरली. तू उचलली."

घरी मरळीचं कालवण केलं. प्रसेनजीतनं तीन वेळा वाढून घेतलं आणि मग अमरेशच्या दुकानाचा पत्ता विचारला.

पेटी परत माळ्यावर गेली. त्यानंच चढवली.

२४ ऑक्टोबर

प्रसेनजीत आज गेला. जाताना म्हणाला, "आई, नदी तुझी. दिलेला शब्द हाय. पण एकटी जायचं न्हाय. कोण तरी सोबतीला पायजे."

मी म्हंटलं, मनालीला कॉलेज हाय, शालूबाई नदीवर आली तर मासे पळून जातील, आता सोबतीला कोण आणू?

पिराजी दाराशी थर्मास घेऊन उभा होता. खाकरला. "मी असतोच की तिथं."

"तुम्ही असताय, पण बसताय त्या पलीकडच्या दगडावर. ती काय सोबत न्हाय."

"मग अलीकडच्या दगडावर बसतो."

पोरगा म्हणाला, झालं की. मनाली आत पळाली. कशाला पळाली कुणास ठाऊक, आतनं हसल्याचा आवाज.

मला तसा दुसरा इलाज न्हवता. पण अट घातली. म्हंटलं, "मासा दिसत असताना तोंड उघडायचं न्हाय."

पिराजी म्हणाला, "कबूल. आणि दिसत नसताना?"

ह्याचा मी विचार केला न्हवता. म्हंटलं, तवाचं तवा बघू.

आज संध्याकाळी नदीवर गेलो. चष्मा होता, उजेड चांगला होता, पाणी तळापर्यंत उघडं. मासा काही केल्या दिसंना.